ब्रेक सोडला तरी सुटत नाही: जुन्या व्हॅनच्या जाम कॅलिपरचं घरी काय करता येतं

पिस्टनला मागे खेचणारं स्प्रिंग डिस्क ब्रेकमध्ये नसतं. ड्रममध्ये असतं; ड्रम उघडला की शूजना, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांना, आत ओढणारी दणकट स्प्रिंगं समोरच दिसतात. डिस्कच्या कॅलिपरमध्ये तसलं काही शोधायला जाल तर हाती लागणार नाही. तिथे हे काम एक रबरी रिंग करते, आणि तेही स्वतः जागची न हलता. पुढचा ब्रेक ‘धरून राहतो’ म्हणून आपण जे काही उघडतो, घासतो, बदलतो, ते बहुतेक सगळं या रिंगेला तिचं काम करू देण्यासाठी असतं. हे डोक्यात ठेवून गाडीखाली गेलात तर निम्मे भाग विनाकारण बदलायचे वाचतील.

इथे मी मारुतीची इको आणि पुढे डिस्क असलेली जुनी ओम्नी डोळ्यांसमोर ठेवतो आहे. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली, पण कोकणात, गोव्यात आणि घाटावरच्या बाजारगावांत ती अजून आंबे, भाजी आणि शाळेची पोरं वाहते आहे. दोन्ही गाड्यांना पुढे डिस्क, मागे ड्रम. दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या. त्यामुळे पुढचं चाक उचललं की ते गिअरबॉक्सच्या ओढीशिवाय मोकळं फिरतं, आणि हँडब्रेक मागच्या ड्रमवर असल्यामुळे तो ओढलेला असला तरी पुढच्या तपासणीत लुडबूड करत नाही. घरी शिकायला याहून सोयीची गाडी मिळणं कठीण.

रिंग नेमकं काय करते

कॅलिपर म्हणजे बिडाचा एक आकडा, जो डिस्कला दोन्ही बाजूंनी कवेत घेतो. आतल्या बाजूला एका नळकांड्यात, म्हणजे सिलिंडरमध्ये, एक पिस्टन. पेडल दाबलं की ब्रेक ऑईलचा दाब पिस्टनला बाहेर ढकलतो आणि आतलं पॅड, म्हणजे डिस्कला घासणारी जाड पट्टी, डिस्कवर बसतं. पिस्टन आता पुढे जाऊ शकत नाही, म्हणून तोच दाब अख्ख्या कॅलिपरला उलट दिशेने सरकवतो आणि बाहेरचं पॅडही डिस्कवर येतं. ही सरकासरकी दोन पिनांवर होते. म्हणजे हलणाऱ्या गोष्टी दोन: पिस्टन आणि पिना. यातलं काहीही अडकलं तर ब्रेक बिघडतो, पण वेगवेगळ्या तऱ्हेने.

सिलिंडरच्या आत एक खाच असते आणि त्या खाचेत चौकोनी छेदाची जाड रबरी रिंग बसलेली असते. ती पिस्टनला घट्ट धरून असते. पिस्टन पुढे जाताना रिंगेची आतली कड त्याच्याबरोबर ओढली जाते, पण तिचं बूड खाचेतच राहतं. पाय न हलवता पुढे वाकलेल्या माणसासारखं. दाब गेला की रिंग सरळ होते आणि पिस्टनला आपल्याबरोबर मागे आणते. किती मागे? मिलिमीटरचे काही दशांश, बस्स. एवढ्याच फटीवर चाक मोकळं फिरतं. पॅड झिजलं की पिस्टन रिंगेतून किंचित घसरून पुढे बसतो आणि फट तेवढीच राहते. डिस्क ब्रेकला वेगळं ‘सेटिंग’ करावं लागत नाही ते यामुळे.

आता खाचेत गंज किंवा पांढरट खर साचली तर? रिंगेला बुडाखालून दाब येतो, ती पिस्टनला नको इतकी आवळते आणि तिला वाकायला जागाच उरत नाही. पिस्टन पुढे जातो, कारण पायाची ताकद आणि तिला जोर देणारा बूस्टर मिळून भरपूर असतात. मागे यायला मात्र रबराच्या ताणाशिवाय कोणीच नाही. ब्रेक लागतो झकास, सुटत नाही. सगळ्या भानगडीचं मूळ या असमतोलात आहे.

गंज येतो कुठून? ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषून घेतं. ग्लायकोलवर आधारलेल्या डॉट ३ आणि डॉट ४ या दोन्ही तेलांचा तो स्वभावच. डॉट ३ ताजं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना पेडल अचानक स्पंजासारखं होतं ते या पाण्याची वाफ झाल्यामुळे. आणि घरी उभ्या गाडीत हेच पाणी आतून पिस्टनला आणि खाचेला खातं. बाहेरून खारी हवा आणि पावसाचा चिखल, विशेषतः पिस्टनवरचं धुळीचं रबर फाटलं असेल तर. समुद्राकाठची गाडी जूनपासून दसऱ्यापर्यंत उभी राहिली तर दोन्हीकडून मार.

नवे पॅड टाकल्या टाकल्या ब्रेक धरायला लागला, अशी तक्रार पुष्कळ ऐकू येते आणि दोष पॅडवर जातो. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येत जातो. फाटक्या रबराआडून त्याच्या उघड्या भागावर गंज चढतो. नवे जाड पॅड बसवण्यासाठी मेकॅनिक पिस्टन आत ढकलतो, आणि तो गंजका भाग थेट रिंगेत जाऊन बसतो. पॅड बिचारे निर्दोष असतात.

आधी निदान, मग पाना

सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर गाडी चालवा, ब्रेक शक्य तितका कमी वापरा, आणि शेवटी गाडी आपोआप थांबू द्या. उतरून दोन्ही पुढच्या रिमजवळ तळहात न्या. डिस्कला बोट लावू नका, चटका बसेल. एक बाजू कोमट आणि दुसरीची धग हातभर लांबून जाणवते, असं असेल तर धरणारी बाजू सापडली. तापमान मोजायची पिस्तुलासारखी यंत्रं आता स्वस्तात मिळतात, ती असेल तर उत्तमच. पण खरा पुरावा डाव्या-उजव्यातला फरक, एकट्या बाजूचा आकडा नव्हे. जळकट वास, उतरलेलं अ‍ॅव्हरेज, न्यूट्रलमध्ये लवकर थांबणारी गाडी, ही सगळी त्याच कुटुंबातली लक्षणं.

गाडी ओढते कुठे, तेही बघा. ब्रेक न लावताच डावीकडे ओढत असेल तर डावा ब्रेक धरून राहिला आहे. पण फक्त ब्रेक लावल्यावर उजवीकडे ओढत असेल, तर बहुधा डावा नीट लागतच नाही. दोन्हींच्या मागे एकच गंज असू शकतो.

आता गाडी सपाट, कठीण जागेवर घ्या. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, व्हील नट जमिनीवरच थोडे ढिले करा, पुढून जॅक लावा आणि चॅसिसखाली जॅक-स्टँड ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. विटांवर तर नाहीच. वीट काही न सांगता फुटते.

चाक हाताने फिरवा. हलकी सुरसुर चालते, पॅड डिस्कला जेमतेम शिवतंच. सोबत्याला ब्रेक दाबून सोडायला सांगा आणि पुन्हा फिरवा. आता फिरत नसेल तर पुढची पायरी अशी: कॅलिपरला तेल पोचवणाऱ्या रबरी होजच्या वरच्या टोकाला, जिथे लोखंडी पाइप येऊन मिळतो, तो जोड किंचित ढिला करा. चाक सुटलं, तर दाब वरून, म्हणजे मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने तेलात दाब तयार करणारा भाग) किंवा पाइपमधून अडकला आहे. सुटलं नाही, तर जोड आवळा आणि कॅलिपरवरचं निपल, म्हणजे हवा आणि तेल बाहेर काढायचा छोटा स्क्रू, अर्धा फेरा उघडा. आता सुटलं, तर दोषी होज. जुन्या होजचं आतलं रबर फुगतं. पायाच्या जोराने तेल खाली जातं, परत मात्र येत नाही. बाहेरून होज नवाकोरा दिसत असला तरी. आणि निपल उघडूनही चाक जागचं हललं नाही, तर दाबाचा संबंध नाही. कॅलिपरच अडकला आहे. या पाच मिनिटांच्या चाचणीशिवाय कॅलिपर किट (नव्या रबरांचा संच) आणायला दुकानात जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

गंजलेलं निपल तुटलं तर सगळा बेत फसतो. आदल्या संध्याकाळी त्यावर गंज सोडवणारं तेल फवारून ठेवा. साधा फिक्स पाना नको, सहा कोनांचा बॉक्स किंवा सॉकेट घ्या. आधी किंचित आवळायच्या दिशेने हिसका, मग उघडायच्या.

पिना आणि पॅड: अर्धी दुखणी इथेच

चाक काढा, कॅलिपरचे बोल्ट सोडा आणि कॅलिपर तारेने गाडीच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवा. होजवर लोंबकळू देऊ नका. काळी धूळ हवेने उडवू नका. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा.

पॅड हातात घेऊन त्यांची झीज वाचा. आतलं पॅड बाहेरच्यापेक्षा खूपच झिजलं असेल, तर पिस्टन मागे येत नाही किंवा पिना अडकल्यामुळे कॅलिपर सरकत नाही. बाहेरचंच जास्त झिजलं असेल तर पिनांवरच संशय घ्या. एकच पॅड तिरकं, एका टोकाला पातळ असेल, तर दोनपैकी एक पिन जाम. पॅडचे कान ब्रॅकेटच्या खाचेत बोटाने सरकले पाहिजेत. हातोडीने बसवावे लागत असतील तर खाचेतला गंज तारेच्या ब्रशने काढा. कित्येकदा एवढ्यानेच काम होतं.

पिना ओढून काढा. कुठली वर, कुठली खाली हे लक्षात ठेवा, कारण काही कॅलिपरमध्ये त्या वेगवेगळ्या असतात. बारीक पॉलिश पेपरने हलका गंज जाईल. खड्डे पडले असतील तर नव्या घ्या, महाग नसतात. पिनेचं भोकही आतून पुसा. मग ग्रीस. इथे बेअरिंगला लावतो ते पिवळं किंवा चॅसिसचं ग्रीस चालत नाही. खनिज तेलाने ब्रेकचं रबर फुगतं, आणि फुगलेलं रबर पिनेला पुन्हा धरतं. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस मागा. पातळ थर पुरे. भोक ठासून भरलंत तर आत कोंडलेली हवा आणि ग्रीसच पिनेला बाहेर ढकलत राहील.

पिस्टन

पिनांचं काम झालं की पिस्टनची परीक्षा. निपलला पारदर्शक नळी लावून ती बाटलीत सोडा, निपल उघडा, जुनं पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. निपल उघडं ठेवायचं ते यासाठी की सिलिंडरातला गाळ उलटा मास्टर सिलिंडरकडे जाऊ नये. पिस्टन एकसारख्या जोराने आत गेला तर ठीक. अडखळत, झटके देत गेला किंवा हललाच नाही, तर तो बाहेर काढायचा.

बाहेर काढायचा सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे गाडीचाच दाब. निपल बंद, होज जोडलेला, कॅलिपर डिस्कवरून काढलेला. पिस्टनसमोर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि सोबत्याला पेडल हळूहळू दाबायला सांगा. दुसऱ्या बाजूचा कॅलिपर जागेवरच हवा, नाहीतर मोकळा पिस्टन तिकडून निसटेल आणि जाम आहे तो जामच राहील. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारून पिस्टन उडवतात तेही बघितलं असेल. तो पिस्टन बोट चिरडू शकतो. घरी हा प्रयोग नको. खाली परात ठेवा, कारण पिस्टन सुटताच तेल येतं. हे तेल रंगाचं शत्रू आहे, बॉडीवर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता.

पिस्टन पुसून उजेडात फिरवा. रिंग त्याच्या अंगावर घासते, म्हणून त्याचा पृष्ठभाग आरशासारखा हवा. नख अडकेल असा खड्डा, उडालेला मुलामा, पोपडे, यातलं काहीही दिसलं तर नवा पिस्टन. पॉलिश पेपरने घासून ‘चालवून घेणं’ म्हणजे नवी रिंग कानशीवर बसवणं. मुलामा गेला की गंज आणखी लवकर येतो.

मग आतली रिंग. ती बांबूच्या काडीने काढा, स्क्रू ड्रायव्हरने नाही. खाचेची कड ओरखडली तर तेल गळेल. रिंग निघाली की खाच नीट बघा: तपकिरी पूड आणि कडक खर, बहुतेक वेळा तळाच्या बाजूला जास्त, कारण पाणी तिथे साचतं. हीच ती जागा. काडीच्या टोकाला सुती चिंधी गुंडाळून, ब्रेक क्लीनर किंवा स्पिरिटने, गरज पडल्यास मऊ पितळी ब्रशने पूर्ण फेरा साफ करा. खाचेची एक कड किंचित तिरपी असते. रिंग वाकते ती तिच्याकडे, म्हणून तिथली खर गेलीच पाहिजे, पण धातू खरवडता कामा नये. सिलिंडरच्या भिंतीवर थोडे डाग असले तर फार घाबरू नका, तेल तिथे अडत नाही, रिंगेपाशी अडतं. खाचच खड्डे पडून खाल्ली गेली असेल तर मात्र अख्खा कॅलिपर नवा घ्या.

रॉकेल, पेट्रोल, डिझेल यांनी हे भाग धुवायची गॅरेजची सवय घरी आणू नका. थेंबभर जरी राहिला तरी नवं रबर फुगायला सुरुवात होते.

किटमधली नवी रिंग ताज्या ब्रेक ऑईलमध्ये बुडवून खाचेत बसवा आणि बोट गोल फिरवून कुठे पीळ नाही ना बघा. पिस्टनलाही तेल लावा आणि दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबा. तिरका झाला की अडतो. तेव्हा ठोकू नका, बाहेर काढून पुन्हा सरळ धरा. बरोबर बसला की एकसारखा, जड पण गुळगुळीत आत जातो. धुळीचं रबर दोन्ही खाचांत पुरतं बसलं याची खात्री करा. होज काढला असेल तर त्याला कॅलिपरशी जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टच्या दोन्ही तांब्याच्या वॉशर नव्या टाका, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून होजला पीळ किंवा घासण नाही ना ते पाहा. बोल्ट किती आवळायचे तो आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

दोन्ही बाजूंचं काम काढलं असेल तर एक पूर्ण करूनच दुसरी उघडा. कॅलिपर अदलाबदल झाले तर निपल खालच्या बाजूला येतं, हवा वरच अडकते आणि दिवसभर पंप करूनही पेडल कडक होत नाही.

एअर काढणं आणि पहिली फेरी

सीलबंद डब्यातलं नवं तेल घ्या, गाडीतल्या ब्रेक ऑईलच्या डब्याच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच. सिलिकॉनवालं डॉट ५ यात मिसळत नाही. सोबत्याने पेडल दाबून धरायचं, तुम्ही निपल उघडायचं, बुडबुडे आणि काळपट तेल बाटलीत जाऊ द्यायचं, निपल बंद करायचं, मगच त्याने पाय सोडायचा. हा क्रम चुकला की हवा परत आत. वरचा डबा मध्येच रिकामा होऊ देऊ नका, नाहीतर चारही चाकांची एअर काढत बसाल. जुन्या गाडीत आणखी एक काळजी: पेडल थेट तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा तुकडा ठेवा. मास्टर सिलिंडरचा जो भाग रोज वापरात नसतो तिथे गंज असतो, आणि तिथवर गेलेली रबरं फाटून कॅलिपर दुरुस्तीची परिणती मास्टर सिलिंडर बदलण्यात होते.

चाक बसवल्यावर, गाडी सुरू करण्याआधी, पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पहिल्या एक-दोन दाबांना ते खाली जातंच, कारण पिस्टन अजून पॅडपर्यंत पोचलेला नसतो. हे विसरून अंगणातून गाडी काढणारे थेट कंपाउंडच्या भिंतीला भेटतात. इंजिन चालू केल्यावर पेडल किंचित खाली बसेल, ते बूस्टरचं काम. मग मिनिटभर जोराने दाबून धरा आणि कोणाला तरी निपल, बँजो आणि पिस्टनचं रबर बघायला सांगा. ओलसर दिसलं किंवा पेडल हळूहळू खाली सरकत गेलं, तर गाडी हलवायची नाही. इथे अडलात तर मेकॅनिकला घरी बोलवा. अशी गाडी त्याच्याकडे चालवत नेणं धोक्याचं.

सगळं कोरडं असेल तर आधी अंगणात, मग रिकाम्या रस्त्यावर हळू. नवे पॅड असतील तर चाळीस-पन्नासच्या वेगावरून मध्यम ब्रेक लावत पंधरापर्यंत आणा, थोडं अंतर जाऊ द्या, पुन्हा. असं आठ-दहा वेळा, पण मध्ये डिस्क गार होऊ देत. तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभे राहू नका.

मग तळहाताची तीच परीक्षा पुन्हा. दोन्ही बाजू सारख्या कोमट आल्या तर काम झालं. दुरुस्त केलेल्या बाजूकडेच आता ब्रेक लावल्यावर ओढत असेल, तर घाबरू नका. तो कॅलिपर आता पूर्ण जोराने लागतो आहे आणि दुसऱ्या बाजूचा तितकासा नाही. वय दोघांचं एकच, पाणीही दोघांनी एकच प्यायलेलं, तेव्हा तोही उघडा. आणि दोन्ही चाकं सारखीच तापत असतील, तर कॅलिपर सोडून पेडलकडे जा. पायाला लागणारा सुरुवातीचा मोकळा खेळ उरलेला नसेल, तर मास्टर सिलिंडरमधलं तेल परत येण्याचं बारीक भोक झाकलेलंच राहतं आणि दर ब्रेकनिशी दाब साठत जातो. तिथे पुशरॉडचं, म्हणजे पेडलचा जोर मास्टर सिलिंडरला पोचवणाऱ्या दांड्याचं, सेटिंग बघायचं असतं, किट नाही.